कार्डावरचं वय

आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. दुसऱ्याच्या आयुष्यावर मी लिहावं का, हे मला अजून नक्की कळत नाही. शेजारचे दत्ताकाका बोलले तसं, त्यांच्याच शब्दांत उतरवलं आहे. चुकलं असेल ते माझं, माफ करा.

मी मूळचा दिघाशीचा. भिवंडीत आलो, लूम दुरुस्तीला लागलो. काय सांगू तुम्हाला, पोरगी मनीषा गावच्याच शाळेत शिकली, दहावीला गणितात राहिली, म्हणली बाबा मी मानकोलीला गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. सोळा वर्षांची. ठेकेदार अठराच्या खालची घेत न्हाय, म्हणून फॉर्मवर मीच एकोणीस लिहिलं, सगळेच लिहितात हो, पण मीच लिहिलं.

तर तिथून मोबाईलचा एक खोका गेला. दुपारी पोलीस तिला ठाण्यात घेऊन गेले, घरी कळवलंसुद्धा न्हाय, मैत्रिणीनं सांगितलं. ड्युटी टाकून पळालो. पोरगी बाकावर, समोर चोरी कबूल केल्याचा कागद, हवालदार म्हणतोय सही कर, सुटशील. म्हटलं साहेब, ती लहान हाय. त्यानं एकोणीस वय छापलेलं गोडाऊनचं कार्ड नाचवलं, काम के टाइम बडी, चोरी के टाइम छोटी, वा काका. सगळे हसले. मी तिला एवढंच म्हटलं, सही करू नको, मी आलोच.

दिघाशीच्या शाळेतून वयाचा दाखला आणायचा होता. रिक्षा, मग एसटी, जागा होती तरी बसवत नव्हतं, दांडा धरून उभाच. शाळा सुटता सुटता पोचलो. हेडमास्तर बाईंनी दाखला दिला, म्हणाल्या अठराच्या आतल्या पोराला कोठडीत ठेवता येत न्हाय, आईबापाला कळवायलाच लागतं, एका दिवसात बाल न्याय मंडळापुढं न्यायला लागतं, हे तिथं बोला, गप्प बसू नका.

परत आलो तर पोरगी तशीच, सही न करता बसलेली. ठाण्याच्या मोठ्या साहेबापुढं दाखला ठेवला, म्हटलं कार्डावरचं वय मी वाढवलं, खोटं माझं. साहेब म्हणाला, मग गुन्हा तुझा. म्हटलं हाय ना, मला बसवा, तिला उठवा. तेव्हा कोणी हसलं न्हाय.

दुसऱ्या दिवशी मंडळानं पोरगी माझ्या हवाली केली, बोलावू तेव्हा आणायची या बोलीवर. तेव्हापासून वर्ष उलटून गेलं, वाटच बघतोय. दारात कोणी थांबलं की ती आत जाते. राहिलेल्या गणिताच्या पेपरलाही गेली न्हाय, म्हणली त्याच दिवशी बोलावलं तर. ठाण्यात जाऊन विचारायची माझी छाती न्हाय.

परवा नाक्यावर तोच हवालदार चहा पिताना भेटला. म्हणाला, काका, खोका तर सापडला, दुसऱ्याच गाडीत चढला होता, तुमच्या पोरीचं नाव गेल्या वर्षीच केसमधून काढलं. कळवायचं राहिलं.