गप्पीचं डोहाळजेवण

ऐका मंडळी! पेटीवाले, सूर जरा खाली धरा, मला एक प्रश्न विचारायचाय. पोटच्या पिल्लांना जी गिळते, तिला आई म्हणायचं का? बघा, बायकांनी लगेच माना हलवल्या — नाही! पुढच्या आजोबांनी तर कानाला हात लावला. थांबा. इतक्या घाईनं निकाल देऊ नका. आधी हकीकत ऐका.

आमच्या सांगलीत वत्सलाताई कुंभोजकर राहतात. त्यांची केतकी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा महिना. जावई बोटीवर नोकरीला. बायकोला करमावं म्हणून त्यानं काय दिलं असेल? दागिना? — छे! काचेची टाकी, आणि तीत चार गप्पी मासे! निवडले कसे? शेपट्या बघून! तीन नर, प्रत्येकाच्या शेपटीवर पाच-पाच रंग. आणि मादी एकच, फिकट, साधीसुधी. गप्पींच्यात नटणं-मुरडणं सगळं पुरुषांकडे, बरं का! हसताय काय? तुमच्यातलेही दोघे-तिघे अत्तर फासून आलेत, इथपर्यंत वास येतोय!

केतकीचं त्या मादीशी गूळपीठ जमलं. कारण तीही पोटुशी! गप्पी अंडी घालत नाही मंडळी, थेट जिवंत पिल्लं देते. केतकीनं तिचं नाव ठेवलं सखी. दोघी काचेच्या अल्याड-पल्याड बसून असायच्या.

मग केतकीचं डोहाळजेवण आलं. फुलांचे दागिने, ओटी, गाणी — सगळं यथासांग. आणि शेजारच्या मालतीकाकूंना सुचलं, या सखीचंही करू की! झालं! टाकीला मोगऱ्याचा गजरा बांधला. एकीनं पुरणपोळीचा तुकडा आत टाकला, दुसरीनं बर्फीचा चुरा, तिसरीनं भात — तोही तुपाचा! संध्याकाळपर्यंत टाकीतलं पाणी ताकासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सखी मोकळी झाली. बावीस पिल्लं! दोन डोळे आणि एक शेपटी, मध्ये जवळजवळ काही नाहीच. वत्सलाताईंनी आळीत साखर वाटली. केतकीनं विचारलं, पिल्लं वेगळी काढायची का? वत्सलाताईंनी तिलाच झापलं, ओल्या बाळंतिणीपासून लेकरं तोडतात का कुणी?

दुपारी मोजली तर सहा. आणि केतकीच्या डोळ्यांदेखत सखी वळली आणि सहावं गिळून मोकळी झाली.

पोरगी जेवेना. टाकीकडे पाठ करून बसली. वत्सलाताईंनी खूप समजावलं, माशाची जात ती, सोडून दे. तेव्हा केतकी हळूच म्हणाली, "आई, मला माशाचं नाही गं वाटत. बाळ झालं आणि मलाच माया फुटली नाही तर?"

मंडळी, चार बुकं शिकलेली पोर ती. असलं काही मनात घेऊन महिनोन्‌महिने हसत होती, आणि आपण तिला फुलं घालत होतो.

वत्सलाताईंनी उरलेली पाचही पिल्लं वाडग्यात काढली आणि रिक्षा करून मासेवाल्या इस्माईलभाईंचं दुकान गाठलं. ते हसले नाहीत. उठून घरी आले, टाकीपुढे उकिडवे बसले, आणि बराच वेळ नुसते बघत राहिले. तिन्ही नर सखीच्या मागे! ती कोपऱ्यात गेली की कोपऱ्यात, वर आली की वर. घास नाही, विसावा नाही. एका नराला दोन-तीन माद्या हव्यात, म्हणजे कुणा एकीचा जीव जात नाही. इथं सगळा उलटा कारभार! त्यात पाणी नासलेलं. पिल्लांना लपायला एक पान नाही.

इस्माईलभाई म्हणाले, "समोर एवढंसं काही हललं की तिला ते खाणंच वाटतं, ताई. तिला बोल लावू नका. टाकी आपण लावली."

त्याच दिवशी नरांची रवानगी दुसऱ्या टाकीत! रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी घेऊन थोडं थोडं पाणी बदललं. हिरव्या शेवाळाचे झुपके सोडले. खाणं चिमटीभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आणि महिन्यानं बघतात तर सखी पुन्हा पोटुशी! नर शेजारच्या टाकीत, आणि ही पोटुशी? आजोबा, पंचांग काढू नका! गप्पीची मादी एकदा नराला भेटली की पुढचे काही महिने तेवढ्यावर पिल्लं देत राहते. या खेपेला पिल्लं जन्मली ती थेट शेवाळात घुसली. सखीला लगेच वेगळ्या भांड्यात आराम. संध्याकाळी केतकीनं मोजली — अठरा! पोट धरून हसली पोरगी.

पुढच्या महिन्यात केतकीला मुलगी झाली. गोरी, गुटगुटीत, आणि आवाज असा की आमच्या टाळकऱ्यांनी शिकवणी लावावी! आठव्या दिवशी घर बायकांनी भरलेलं. असं धर, तसं पाज, टोपरं घाल, टोपरं काढ. बाळ रडतंय, केतकी रडकुंडीला आलेली. वत्सलाताई उठल्या. बाळ उचललं, सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं मालतीकाकूंनी फटीतून डोकावून पाहिलं, तर केतकी गाढ झोपलेली.

काकू म्हणाल्या, "आई असून झोप लागते तरी कशी हिला?"

वत्सलाताई म्हणाल्या, "लागली, कारण बाळ माझ्याजवळ आहे."

तीन तासांनी केतकी जागी झाली. पाणी मागितलं नाही, चहा मागितला नाही. आण की गं तिला, किती वेळ झाला, म्हणाली. बाळ कुशीत घेतलं आणि त्याची टाळू हुंगत बसली. माया फुटायची राहिली नव्हती मंडळी, तिला वाटच मिळत नव्हती!

आता तुमच्याकडे वळतो. कुणाकुणाच्या घरी तान्हं बाळ आहे? हात वर करा. सात... आठ... शाब्बास! आणि त्या बाळाची आई कुठाय? घरीच ना? मग तुम्ही आठजण आरतीला थांबू नका. उठा, घरी जाऊन बाळ हातात घ्या, प्रसाद मी पाठवतो. देवाला ताटकळायची सवय आहे. ती पोरगी सकाळपासून धड जेवलेली नाही.