ज्यानं लावला त्यानंच ठेवायचा

टक्, टक्, टक्... आणि पुढचं खर्र नाहीच! इतकी वर्षं झाली, अजून तो आवाज कानात आहे. तुम्हाला सांगतो, फोन ठेवला की आमच्या एक्सचेंजमधलं यंत्र खर्र करून जागेवर यायचं, आणि त्या दिवशी सकाळपासून मी त्या एका खर्रची वाट बघतोय आणि ते आपलं तिथंच उभं! म्हणजे आमच्या वरच्या गावाहून खालच्या गावाला जाणारी तार कुणीतरी धरून बसलंय. तार एकच हो. दुसरी हिमकड्यानं नेली, ती जोडायला माणूस येतोय, येतोय... अजून येतोय.

आणि मला कसली घाई? माझी सून खालच्या गावच्या दवाखान्यात, पहिलटकरीण. पोरगा म्हणाला होता, झालं की लगेच कळवतो. कशावर कळवणार? त्याच तारेवर!

मग कान लावला. कान लावायला बंदी आहे, पण मी पडलो एक्सचेंजचा उस्ता, म्हणजे मिस्त्री, तार तपासायची तर कानच लागतात ना? तर बोलणं नाही, नुसते दोन श्वास. एक आमच्या ओस्मोनकुलचा, फोन त्यानंच लावलेला. दुसरा खाली त्याच्या व्याह्याचा, शाबदानचा. ओस्मोनकुलच्या पोरीच्या, बुरुलच्या लग्नाची तारीख ठरवायची होती, ती ठरली असणार. पण मग फोन ठेवायचा कुणी? ओस्मोनकुल वयानं लहान, तो थोरल्याच्या आधी कसा ठेवेल? शाबदान थोरला खरा, पण मुलाचा बाप, आणि आमच्याकडं मान मुलीकडच्यांचा, तो मुलीच्या बापाच्या आधी कसा ठेवेल? तुम्ही आधी, छे, तुम्ही आधी... आणि यंत्राला लहानथोर काय कळतं? ज्यानं लावला त्यानंच ठेवायचा, एवढा एकच कायदा त्याला पाठ.

म्हणाल, बोटानं पाडायचं की ते यंत्र. पाडलं असतं! पण मग हा म्हणणार व्याह्यानं तोंडावर आपटला, तिकडं तोही तेच म्हणणार, आणि पोरीचं लग्न मोडणार माझ्या बोटानं. म्हणून फोन आडवाटेनं लावला, जिल्ह्याच्या एक्सचेंजमधून. आता एक एक्सचेंज दुसऱ्याला एकदम आकडे सांगत नाही बरं का, आधी विचारतं, घेतोस का? ते म्हणतं, घेतो, सांग. मग हे सांगतं. माणसांपेक्षा रीतभात बरी! तर जिल्ह्यानं आकडे घेतले, बघितलं, खालचं गाव होय, ते तर वरच्या गावावरनंच जातं की, आणि माझाच फोन फिरून माझ्याच दारात! माझं यंत्र त्याला सांगतं, तार धरलेली आहे. मीच मला नाही म्हणालो हो...

कालपाक डोक्यावर घातली आणि निघालो ओस्मोनकुलकडं. तो गालिच्यावर मांडी घालून, फोन कानाला, पुढ्यातला चहा गार. मी तोंड उघडतोय तर यानं ओठावर बोट ठेवलं.

"उस्ता, गप," कुजबुजला, "कुदा विचार करतायत."

मी कान लावला. विचार कसला, त्याचा कुदा, म्हणजे व्याही, घोरत होता!

"झोपलाय तो," मी म्हटलं.

"मग तर मुळीच ठेवायचा नाही. थोरलं माणूस झोपलेलं असताना असं सोडून उठतात का?"

मी सुनेचं सांगितलं. त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "उस्ता, मला एकच पोर आहे." त्याचंही खरं, माझंही खरं, आणि ज्यानं लावला त्यानंच ठेवायचा...

तेवढ्यात बुरुल दुधाची बादली घेऊन आत आली. लग्नाआधी सासऱ्याशी बोलायचं नसतं, बोलली नाहीच. बादली खाली ठेवली, बापाच्या हातातून फोन घेतला, ठेवला. खर्र! एक्सचेंज कुठं, मी कुठं, पण मला ऐकू आलं. ओस्मोनकुलचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला, आणि लगेच फोन वाजला.

"कुदा," शाबदानचा रडवेला आवाज खोलीभर ऐकू येत होता, "डोळा लागला हो, हातून ठेवला गेला वाटतं. म्हाताऱ्याला माफ करा, लग्न मोडू नका."

ओस्मोनकुलही माफी मागायला लागला. ती कधी संपणार? मी फोनच ओढला. "माझी सून?"

"उस्ता का? अहो, पहाटेच नात झाली तुम्हाला! दोघी छान आहेत. घरोघर गरम तळलेले बोरसोक वाटले, आणि पोरगा तुमचा पोस्टात बसलाय, म्हणतो बाबांनाच फोन लागत नाही."

मी फोन परत ओस्मोनकुलच्या हातात दिला. डोळे पुसतो न पुसतो तोच ऐकतो काय...

"नाही कुदा, आधी तुम्ही."

"छे छे, तुम्हीच आधी."

आणि या खेपेला लावलेला कुणी? शाबदाननं! आता इकडून कुणी कितीही ठेवा, तार सुटायची नाही. ज्यानं लावला त्यानंच ठेवायचा... मी मोठ्या आशेनं बुरुलकडं पाहिलं. तिनं बापाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, बादली उचलली आणि काही न बोलता बाहेर चालती झाली.