काळोख्या खोलीची किल्ली

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठ भूषवणारे पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आमचे विभागप्रमुख सर, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि भाषण लांबलंच तर निसटता यावं अशा बेताने दाराजवळ बसलेले माझे सहकारी हो,

सरांच्या कार्यावर प्रकाश टाकावा, असं मला सांगण्यात आलं आहे. उपप्रमुख म्हणून इतकी वर्षं मी नेमकं तेच टाळत आले. पण अध्यक्षांचा शब्द मोडवत नाही.

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. 'अंधारातल्या जिवाणूंना उजेडात आणणारे थोर संशोधक.' वा! आपण टाळ्या वाजवल्यात, मीही वाजवल्या. या सभागृहात जीवशास्त्राशी संबंध नसलेली मंडळी बरीच आहेत, सरांनाही त्यातच धरा. तेव्हा हे जिवाणू करतात काय, ते आधी सांगते.

तळ्याच्या बुडाशी, गाळाजवळ, जिथे हवा नाही आणि उजेड जेमतेम उरलासुरला पोचतो, तिथे हे जांभळे जिवाणू राहतात. वरची हिरवी मंडळी चांगला उजेड आधीच गट्ट करतात. यांच्या वाट्याला येतो तो बराचसा तुमच्या-माझ्या डोळ्यांना दिसतही नाही. पण कुरकुर नाही. यांच्या पेशीत रंगद्रव्याचे रेणू फेर धरून उभे असतात. एकाने उजेड टिपला की ती ऊर्जा तो शेजाऱ्याला देतो, शेजारी पुढच्या फेराला, आणि अशी ती मधल्या केंद्रात पोचते. खरं काम तिथे होतं. पापणी लवायच्या कितीतरी आधी हे सगळं उरकलेलं असतं. वाटेत कुणी स्वतःच्या नावाची पाटी लावत नाही, की फीत कापत नाही.

आणि एखाद्याने ती ऊर्जा धरूनच ठेवली तर? ती उष्णता होऊन वाया जाते. त्यात हवा शिरलेली असली तर विष तयार होतं आणि पेशीच होरपळते. म्हणून निसर्गाने शेजारी गाजराच्या रंगाचं एक द्रव्य उभं केलंय. धरून बसणाऱ्याच्या हातून ऊर्जा काढून घ्यायची आणि मुकाट्याने निववायची, एवढीच त्याची नोकरी. सर, तुमच्या शेजारच्या खोलीत बसून इतकी वर्षं मी काय करत होते, असं तुम्हाला वाटलं?

वहिनी, तुम्ही हसलात. मी पाहिलं.

आता मानपत्रात न आलेली एक हकिकत. आमच्याकडे एक संशोधक मुलगी आहे. अबोल, कामाला वाघ. सर तिला 'घुबड' म्हणतात, कारण ती सदा काळोख्या खोलीत असते. अगदी मंद उजेडात वाढवलं, तर हे जिवाणू आपले फेर कसे बदलतात, हा तिचा प्रयोग. घट्ट झाकणांच्या बाटल्या, आणि वर न दिसणाऱ्या उजेडाचे दिवे. महिनोन्महिने जपून तिने त्या बाटल्या पिकल्या जांभळाच्या रंगावर आणल्या होत्या.

गेल्या वर्षी सर पाहुण्यांना घेऊन तिथे शिरले. समोर मिट्ट काळोख. हे दिवे असेच असतात, हे विभागात झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक होतं. सर गरजले, "अगं, दिवे गेलेत सगळे, आणि तू झोपा काढतेस?" ती म्हणाली, "सर, दिवे चालू आहेत." सर पाहुण्यांकडे वळून हसले. "ऐकलंत? हिला अंधारात दिसतं!"

तासाभरात वायरमन आला. छतभर पांढऱ्या लख्ख नळ्या लागल्या. सोमवारी फोटोग्राफर येणार, तोवर कुणी त्या बंद करू नयेत म्हणून सरांनी खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकून सुट्टीवर गेले. फोन उचलला नाही. ती पोरगी दोन दिवस दाराबाहेर बसून होती. फटीतून उजेड येत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती.

भरपूर उजेड मिळाला की या जिवाणूंना फेर बांधायची गरज उरत नाही. ते फिकट पडतात, ढिले पडतात. सोमवारी त्या बाटल्यांना पाणी घातलेल्या सरबताची कळा आली होती. फोटो मात्र झकास निघाला. बाहेर पटांगणात लागलाय, जाताना बघा. सरांनी काय दिवे लावले, ते त्यात स्वच्छ दिसतं.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या सत्राअखेर तिची मुदत संपते. शेवटच्या बाटल्या त्या खोलीत वाढल्या तर पदवी, नाहीतर सगळं पाण्यात. आणि मघाशी सर काय म्हणाले, आपण ऐकलंत. 'मी निवृत्त झालो तरी जात नाही, काळोख्या खोलीची किल्ली आठवण म्हणून माझ्याकडेच राहील, मानचिन्हं ठेवायला तेवढी जागा बरी आहे.' आपण त्यालाही टाळ्या वाजवल्यात! धन्य आहे आपली.

सर, खिसा चाचपू नका. किल्ली आहे तिथेच आहे. खुशाल ठेवा, मानचिन्हांसोबत शोभेल. हा बेत तुम्ही परवा मला जिन्यात ऐकवलात, तेव्हाच मला तुमची मनापासून किळस आली, आणि काल मी त्या दाराचं कुलूप बदललं. अध्यक्ष महोदय, याबद्दल जे काही विचारायचं ते मलाच विचारा. मी उद्याही याच इमारतीत आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. उणंदुणं बोलून गेले असेन तर पोटात घाला, सरांनी सोडून बाकी सगळ्यांनी. तिसऱ्या रांगेतली ती रिकामी खुर्ची आमच्या घुबडाची. समारंभाला येता आलं नाही म्हणून तिच्या वतीने मीच क्षमा मागते. ती सकाळपासून आत आहे, आणि या वेळी कडी आतून लावलेली आहे.