नाडी एकशे चार

सत्यवती : एकशे चार.

शिवदास : परत मोज.

सत्यवती : दोनदा मोजली. नाव सांग, कागदावर लिहायचंय.

शिवदास : सख्ख्या भावाला नाव विचारतेस, नर्सबाई?

सत्यवती : दोन वर्षांत भाऊ म्हणून फिरकला नाहीस. माझ्या फाटकावरच्या कोंकणी पाटीला डांबर फासायला तेवढा आलास.

शिवदास : मग आज सूड उगवतेस? आमोण्याला नदीत खनिज वाहणाऱ्या बार्जवर नोकरी आहे, चारच्या आत हा कागद द्यायचाय. शंभराच्या वर असली तर डॉक्टर सही करत नाही. नव्वद लिही.

सत्यवती : आहे ते लिहिणार. आलास कसा?

शिवदास : सायकलीनं. चढ एका दमात मारला. असा धडधाकट माणूस मी.

सत्यवती : चहा?

शिवदास : तीन. रांगेत बसून दुसरं काय करणार?

सत्यवती : विडीचाही वास येतोय.

शिवदास : एकच ओढली. जीव शांत व्हावा म्हणून.

सत्यवती : विडीनं नाडी पळते रे. चहानं पळते, चढानं पळते. काल झोपलास किती?

शिवदास : नोकरीच्या काळजीत खंयची झोप?

सत्यवती : खंयची म्हणे. तोंडात कोंकणी, आणि हा मराठीवाला.

शिवदास : तोंड सांभाळ.

सत्यवती : तू सांभाळ, रागानंही पळते. ही तुझी निवांत बसलेली नाडी नव्हेच. ती खुर्ची ओढ, त्या कदेलावर पाठ टेकून बस. अर्धा तास, गप्प.

शिवदास : मराठीच्या आंदोलनात पोलिसांना मला गप्प करायला जमलं नाही. तुझं घड्याळच रेंगाळतंय. आण हात, तुझीच मोजतो. तू तर सकाळपासून खुर्चीत आहेस.

सत्यवती : मोज. अंगठा नको, अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात. दोन बोटं ठेव. पुरतं मिनिट.

शिवदास : एकशे दहा. तू किती चहा प्यालीस?

सत्यवती : पाणीसुद्धा नाही.

शिवदास : मग?

सत्यवती : तुला दारात बघितलं. बस आता.

(अर्धा तास जातो. सत्यवती पुन्हा त्याचं मनगट धरते.)

सत्यवती : शहाऐंशी.

शिवदास : खरी? की दया केलीस?

सत्यवती : तुझ्यावर दया करायला मी मोकळी नाही. घे कागद. आत डॉक्टरांकडे जा, वाटेत विडी पेटवू नकोस.

शिवदास : आणि तुझी?

सत्यवती : माझी तू गेल्यावर उतरेल.