एकदांडी आणि माझं बोट

माझा जन्म बडोद्याचाच, नागरवाड्यातला, वडील खानदेशातून रेल्वेत आले ते इथलेच होऊन गेले, आणि मीपण रेल्वेतच लागलो, गँगमध्ये, म्हणजे रुळांची देखभाल, सगळी नोकरी पायी. रुळांखालच्या गिट्टीतलं, खडीतलं, गवत उपटायचं हेही आमचंच काम, आणि त्यात ही एकदांडी असायचीच, लांब दांडी, टोकाला एकच पांढरं-पिवळं फूल.

पहिल्याच वर्षी हातोडा निसटून माझी नडगी फुटली, रक्त थांबेना, तर आमचे मुकादम छगनभाई, सावली गावाकडचे, त्यांनी एकदांडीचा पाला तोडला, चावला आणि दाबून धरला, म्हणाले, बेस भाई, हमणां बंध थई जशे, म्हणजे आत्ता थांबेल, आणि थांबलं की. मी विचारलं, का थांबलं? ते म्हणाले, थांबलं ना, मग विचारतोस कशाला. पण काय सांगू तुम्हाला ताई, मला लहानपणापासून हा किडा, कोणी पहिल्यांदा लावलं असेल, त्याआधी कुठली कुठली पानं लावून बघितली असतील, हेच डोक्यात. तेव्हापासून सगळं गवत उपटायचो, एकदांडीचं एक झुडूप ठेवायचो, साहेब रागवायचे तरी ठेवायचो.

रिटायर झालो, डायबिटीस निघाला, नव्या चपलेनं पायाच्या बोटाला फोड आला, फुटला. मी गपचूप पाला आणला, चावला, लावला, वरून मोजा चढवला. बायकोला, सुमनला, बोललो नाही. आठ दिवसांनी वासावरून तिलाच कळलं, मोजा काढला तर बोट काळं, आणि मला दुखलंच नव्हतं हो, तेच वाईट. मग मात्र घाबरलो, जन्मभर ज्यावर चाललो तो पायच जातो की काय.

डॉक्टरबेननं विचारलं, काका, पाला वाटला कशानं? म्हटलं, दातांनी. आणि तोंडात तंबाखू? म्हटलं, ती असतेच. कपाळाला हात लावला तिनं. मी म्हटलं, छगनभाई पण चावूनच लावायचे, मग आत्ताच काय झालं? ती म्हणाली, तेव्हा तुम्ही जवान होता, साखर नव्हती, निभावलं. पाल्यात गुण असेलही काका, पण तोंडातली घाण जखमेत भरलीत आणि आठ दिवस लपवलंत. शेवटी बोट काढलं, पाय वाचला.

मध्ये विळीवर सुमनचं बोट कापलं. एकदांडी दारातल्या ओट्यावर कुंडीतच लावलीय, माझा हात सवयीनं पाल्याकडे गेला, तर ही म्हणाली, आधी नळ. धुतलं, स्वच्छ फडकं बांधलं, पाला राहिला कुंडीत. फुलावर माझा राग नाही. तुमच्या दारात आलं तर उपटू नका, सुखी राहा. रोज सकाळी मी चार बोटांच्या पायानं कुंडीपाशी जातो, विचारतो, तुझ्यात नेमकं आहे तरी काय गं? आतून सुमन ओरडते, चप्पल घाला आधी. मी घालतो.