विहिरीच्या दगडाचे मणी

खालच्या मजल्यावरच्या काकूंना नावं ठेवू नका हं. ही माळ त्यांच्यामुळे झालीय.

माहेरच्या वाडीतली विहीर बुजवली, तेव्हा तिच्या काठाचा एक काळा दगड मी बोळिंजला फ्लॅटवर आणला. त्यातून सुपारीएवढे मोजकेच मणी निघाले, सगळे हातानं घासलेले. घासणं एक वेळ परवडलं, पण भोक पाडणं नको! मणी वाटीतल्या पाण्यात धरायचा आणि छोटं ड्रिल लावून बसायचं. खालून काकू झाडूच्या दांड्यानं छत ठोकायच्या.

पहिल्या मण्यातून ड्रिल आरपार जाता जाता पलीकडचा टवकाच उडाला. मी अशी किंचाळले! पण हट्ट सोडला नाही, चार दिवसांनी रात्री दुसरा मणी घेतला. तासाभरानं काकूंचा फोन.

"बंद कर ते!"

"काकू, थोडंच राहिलंय."

"म्हणूनच सांगते. आवाज पोकळ झालाय. त्या दिवशीही असाच झाला आणि लगेच तू किंचाळलीस. मणी उलटा कर, दुसऱ्या बाजूनं लाव."

मी चिडूनच उलटा केला. दोन्हीकडची भोकं बरोब्बर मध्ये भेटली. टवका नाही, तडा नाही! दोरा ओवून मी तशीच खाली पळाले.

काकूंनी मणी उजेडात धरून पाहिला. "झालं ना एकदाचं? आता झोपू मी?"

"काकू, माळ काय एका मण्याची असते?"

काकूंनी उशी बाजूला सारली.

"जा वर. मी ऐकतेय."