बंद पडली नाही, झोपली

संपदा : बंद पडली. क्षितिज, भर सिग्नलला बंद पडली. हॅझार्ड लाव आधी.

क्षितिज : बंद नाही पडली गं. हायब्रिड आहे ही, शोरूमनं ट्रायलला दिलेली. थांबली की इंजिन आपोआप झोपतं.

संपदा : इंजिन झोपतं आणि ईप्सिता उठते. बघ, उघडले डोळे.

आप्पा : टक्क. माझ्याकडेच बघतेय.

संपदा : आप्पा, तुम्हीच सांगा तुमच्या मुलाला. आठ महिन्यांची झाली पोरगी, दिवसा झोपते ती फक्त आपल्या जुन्या डिझेलमध्ये. तो खडखडाट म्हणजे तिची अंगाई. आणि हा ती गाडी मोडीत घालायला निघालाय.

क्षितिज : काल तूच हो म्हणालीस.

संपदा : काल ती झोपली होती.

आप्पा : मला एक कळत नाही. धडधाकट गाडी भंगारात घातली म्हणून हे जर्मन सरकार वर पैसे देतं?

क्षितिज : नऊ वर्षांहून जुनी असली तर. जुनी चेपायची, नवी घ्यायची. हवा सुधारते म्हणे.

आप्पा : आपल्याकडे जुनी गाडी मेहुण्याला देतात.

संपदा : आणि हायब्रिडच घ्या असंही सरकार म्हणत नाही. शेजारच्या फ्राऊ क्रामरनं साधी पेट्रोल घेतली. सगळी गल्ली साधी पेट्रोल घेतेय.

क्षितिज : गेनाऊ, अगदी बरोबर. आणि मी वर्षभर कँटीनमध्ये हायब्रिडवर प्रवचनं देतोय. आता पेट्रोल घेऊन गेलो तर ऑफिसात तोंड कुठे लपवू?

संपदा : म्हणजे हवा राहू दे, तुझं तोंड वाचवायचंय.

क्षितिज : दोन्ही. शिवाय योजनेतले पैसे संपत आलेत. सही आज करायला हवी.

आप्पा : गाडी बाकी शांत आहे हं. मलाच पेंग येतेय.

संपदा : शांत आहे तीच तर भीती. उद्या ही पार्किंगमध्ये खेळत असली आणि मागून अशी गुपचूप गाडी आली, तर कळणार कसं?

क्षितिज : अजून ती रांगतही नाही.

संपदा : रांगेल. क्षितिज, तू ऑफिसात असतोस तेव्हा मी हिला गाडीत घेऊन बसते. इंजिन चालू ठेवून. तेवढीच माझी झोप.

क्षितिज : इंजिन चालू ठेवून? इथे? दंड होतो.

संपदा : फ्राऊ क्रामर दोनदा काच वाजवून गेली. तिला म्हटलं, बाळाला थंडी वाजतेय, हीटर लावलाय.

क्षितिज : मला कधी बोलली नाहीस.

संपदा : तू प्रवचनात होतास. आता ओठ काढले बघ तिनं. ईप्सू, घर्रर्र... घर्रर्र...

क्षितिज : तुला हसतेय ती.

संपदा : हसेल, आणि मग भोकाड पसरेल.

(मागच्या सीटवरून संथ, एकसुरी घर्र-घर्र.)

क्षितिज : आल्झो, अरेच्चा, हे काय? इंजिन तर बंद आहे.

संपदा : इंजिन नाही. आप्पा.

क्षितिज : आणि ईप्सिता?

संपदा : हळू बोल. मिटले डोळे.

क्षितिज : मग? वळवू शोरूमकडे? करायची सही?

संपदा : वळव. पण आधी एक सांग, आप्पांचा व्हिसा वाढवून मिळतो का?